ड्रायर बिघडला की हवेची वाट अडली?

पावसाळा सुरू झाला की आमच्या कोकणातील कापड दुकानात एक तक्रार ठरल्याप्रमाणे येते. "शेठ, कापड आटले." पूर्वी अशी तक्रार आली की आम्ही दोनच गोष्टी विचारत होतो. शिवण्याआधी शिंप्याने कापड भिजवून घेतले होते काय, आणि माल सॅन्फोराइज्ड होता काय. आता तिसरा प्रश्न विचारावा लागतो. घरात ड्रायर आहे काय?

हा तिसरा प्रश्न आम्ही नुकसान सोसून शिकलो. एका पावसाळ्यात एकाच ताग्यातून पाच गिऱ्हाइकांना सुती कापड गेले. चौघांची काहीच तक्रार नव्हती. पाचव्याचे कुर्ते मात्र दोन-तीन धुण्यांत दोन इंच आखूड झाले. गिऱ्हाईक जुने होते. दुकानात चार माणसे बसलेली असताना ते बोलून गेले की, तुमचा माल खोटा आहे. व्यापाऱ्याला याहून मोठे नुकसान दुसरे नाही. आम्ही मुंबईच्या मूळजी जेठा मार्केटमधील आडत्याला कडक पत्र लिहायला घेतले होते. परंतु एकाच ताग्याचे कापड चार घरांत खरे आणि एका घरात खोटे, हे मनाला पटेना. म्हणून पत्र बाजूला ठेवले आणि त्यांच्या घरी गेलो.

न्हाणीघराच्या कोपऱ्यात कपडे सुकवण्याचे यंत्र होते. कपडे एका वेळी सुकत नाहीत म्हणून घरातील मंडळी तीच खेप तीन-तीन वेळा फिरवत होती. मिस्त्री दोनदा येऊन गेला होता. त्याने नवा हीटर बसवून पैसेही घेतले होते. आम्ही यंत्र पुढे ओढले तर मागची नळी भिंतीला दाबून चपटी झालेली आणि आत लवेचा बोळा बसलेला. दमट हवा बाहेर जाण्यास वाटच उरली नव्हती. कुर्ते अडीच-अडीच तास गरम वाफेत उलटेपालटे होत होते. कापड आटणार नाही तर काय होईल? नळी साफ करून सरळ बसवली आणि तीच खेप साधारण तासाभरात सुकली. हीटर पहिल्यापासूनच चांगला होता.

त्या दिवसापासून आम्ही या यंत्राची माहिती गोळा केली. आपल्या वाचकांत शिंपी आहेत, लाँड्रीवाले आहेत, तयार कपड्यांचे छोटे कारखानदार आहेत, वीजकाम करणारे कारागीर आहेत. अनेकांच्या घरी आता हे यंत्र आले आहे. म्हणून जे समजले ते येथे मांडतो.

यंत्राची जात आधी ओळखा

"ड्रायर" या एका शब्दात आपल्याकडे चार-पाच वेगवेगळी यंत्रे येतात. मिस्त्रीला फोन करण्याआधी आपले यंत्र कोणते, हे माहीत असावे.

पहिले, सेमी-ऑटोमॅटिक मशीनचा घुमणारा डबा. यात बहुधा हीटर नसतो. डबा मिनिटाला हजाराहून अधिक फेरे घेतो आणि पाणी बाहेर फेकतो. तो कपडे निथळतो, पूर्ण सुकवत नाही.

दुसरे, नळीवाला ड्रायर. यात हीटर हवा तापवतो, ड्रममध्ये कपडे उलटेपालटे होतात आणि दमट हवा नळीवाटे घराबाहेर जाते. तिसरे, कंडेन्सर ड्रायर. त्याला बाहेर जाणारी नळी नसते. वाफ थंड करून तिचे पाणी टाकीत जमा होते. चौथे, हीट पंप ड्रायर. तोही टाकीवालाच, परंतु उष्णता पुन्हा पुन्हा वापरतो. वीज जवळपास निम्मी लागते, वेळ जास्त लागतो आणि तापमान कमी असल्याने कापडाला तो सौम्य पडतो.

पाचवे, धुणे आणि सुकवणे एकाच ड्रममध्ये करणारे यंत्र. याच्याबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहे. यंत्रावर "८ किलो" लिहिलेले असते. ते वजन धुण्याचे असते. सुकवण्याची ताकद पुष्कळदा ५ किलो किंवा त्याच्या आसपास असते. आठ किलो धुऊन तेच आठ किलो सुकायला ठेवले तर कपडे ओले राहणारच. यात बिघाड काही नाही. पुस्तिकेत दोन्ही आकडे दिलेले असतात, ते वाचावेत.

तराजूने तपासा

कपडे सुकण्यासाठी तीन गोष्टी लागतात. उष्णता, वाहती हवा आणि कपड्यांना उलटण्यासाठी मोकळी जागा. लोक फक्त उष्णतेकडे पाहतात. हात लावून ड्रम गरम लागला की यंत्र ठीक समजतात, आणि थंड लागला की हीटर गेला म्हणतात. परंतु गरम हवा आतच कोंडली तर ती वाफेने भरते आणि कपड्यातील पाणी घेत नाही. ओली चादर बंद खोलीत उन्हाळ्यातही लवकर सुकत नाही, आणि वारा असेल तर हिवाळ्यातही सुकते. यंत्राचा नियम तोच आहे.

आता थोडा हिशेब. १ लिटर पाण्याची वाफ करण्यास कमीत कमी ०.६३ युनिट एवढी उष्णता लागते. नळीवाल्या किंवा साध्या कंडेन्सर यंत्रात प्रत्यक्ष खर्च त्याहून जास्तच येतो. ५ किलो सुती कपडे मिनिटाला १,००० फेऱ्यांनी पिळले तर त्यांत सुमारे ३ लिटर पाणी उरते. फेरे १,४०० केले तर अडीच लिटरच्या आसपास उरते. पिळण्यास वीज फार थोडी लागते, तापवण्यास फार. म्हणून ड्रायर "जास्त वीज खातो" अशी तक्रार असेल तर आधी धुण्याच्या मशीनचे पिळणे पाहावे.

व्यापाऱ्याकडे तराजू असतोच. कोरडे कपडे तोला, पिळल्यानंतर तोला आणि ड्रायरमधून काढल्यावर तोला. ५ किलोचे कपडे पिळल्यावर ८ किलोच्या आसपास भरले तर ठीक. साडेनऊ किलो भरले तर दोष पिळण्यात आहे, ड्रायरचा नाही. या साध्या तपासणीने चुकीची दुरुस्ती टळते.

तक्रार पहिली: यंत्र फिरते, गरमही होते, पण कपडे ओले

सर्वांत जास्त येणारी तक्रार हीच आहे. तपासण्याचा क्रम असा ठेवावा.

आधी लवेची जाळी. प्रत्येक खेपेनंतर ती काढून साफ करावी. आठवड्यातून एकदा नव्हे, प्रत्येक खेपेनंतर. काही घरांत कपडे मऊ करण्याचे सुगंधी द्रव्य वापरतात. त्याचा पातळ थर जाळीवर बसतो. डोळ्यांना जाळी स्वच्छ दिसते, पण हवा जात नाही. परीक्षा सोपी आहे. जाळी नळाखाली धरा. पाणी सरळ खाली गेले तर ठीक. जाळीवर पाणी साचून राहिले तर साबण आणि मऊ ब्रशने धुवा, पूर्ण वाळवा, मग बसवा. जाळी काढून ठेवून यंत्र कधीही चालवू नये.

नंतर नळी. नळीवाल्या यंत्राची नळी साधारण ४ इंच व्यासाची असते. ती शक्य तितकी आखूड आणि सरळ असावी. प्रत्येक वळणावर लव अडते. पातळ प्लास्टिकची किंवा चुरगळणारी नळी न वापरता धातूची पक्की नळी घालावी. भिंतीबाहेर जे तोंड असते त्याची झडप यंत्र चालू असताना उघडते काय, हे बाहेर जाऊन पाहावे. आपल्याकडे या तोंडात चिमण्या घरटी करतात आणि पावसात उंदीर शिरतात. म्हणून काही लोक तोंडावर बारीक जाळी ठोकतात. तसे करू नये. तिच्यावर लव बसून महिन्याभरात वाट बंद होते.

दोष नळीचा की यंत्राचा, हे ठरवण्यासाठी एक उपाय आहे. विजेच्या यंत्राची नळी तात्पुरती मागून काढा, खिडकी उघडा आणि दोन-तीन ओले टॉवेल घालून यंत्र चालवा. टॉवेल नेहमीपेक्षा लवकर सुकले तर दोष नळीत आहे.

कंडेन्सर यंत्र असेल तर पाण्याची टाकी रिकामी करावी आणि आतील कंडेन्सरवर लव आहे काय ते पाहावे. काढता येणारा कंडेन्सर महिन्यातून एकदा नळाखाली उलट्या बाजूने धुवावा. येथे एक गंमत सांगतो. आपल्याकडील मिस्त्री मोटरच्या कपॅसिटरलाही "कंडेन्सर" म्हणतात. एका घरी "कंडेन्सर साफ करा" असे मालकाने सांगितले आणि मिस्त्रीने कपॅसिटर बदलून बिल केले. शब्द एक, वस्तू दोन. नीट विचारून घ्यावे.

शेवटी जागा. यंत्र बंद, लहान खोलीत ठेवले असेल आणि खिडकी लावलेली असेल तर खोलीतील हवा दमट होते व यंत्र तीच हवा पुन्हा ओढते. नळी बाहेर न काढता खोलीतच सोडली तर एका खेपेचे दोन-तीन लिटर पाणी वाफ होऊन भिंतींवर बसते. दुकानामागच्या खोलीत असे यंत्र ठेवणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. शेजारी रचलेल्या ताग्यांना बुरशी लागण्यास तेवढे पाणी पुरेसे आहे.

तक्रार दुसरी: कपडे बाहेरून ओले, तरी यंत्र "झाले" म्हणते

नव्या यंत्रांत ओल ओळखणाऱ्या दोन धातूच्या पट्ट्या असतात. ओला कपडा त्यांना लागला की यंत्राला समजते की अजून पाणी आहे. पट्ट्यांवर साबणाचा किंवा सुगंधी द्रव्याचा थर बसला की त्यांची ओळख चुकते. कपड्यावर थोडा सिरका घेऊन पट्ट्या पुसाव्यात आणि मग साध्या ओल्या कपड्याने पुसून घ्याव्यात. एकच शर्ट किंवा दोनच रुमाल टाकले तर ते पट्ट्यांना नीट लागत नाहीत आणि यंत्र लवकर थांबते. तेव्हा वेळ लावून चालवावे.

जाड जीन्स आणि पातळ टेरिकॉट एकत्र टाकले तरी असेच होते. पातळ कपडे आधी सुकतात, यंत्र फसते आणि जीन्सचा कमरपट्टा ओला राहतो.

तक्रार तिसरी: फिरते, पण गरम होत नाही

आधी पाहा, चुकून फक्त थंड हवेचा कार्यक्रम तर लावलेला नाही? नसेल तर हीटर, थर्मोस्टॅट किंवा उष्णतेचा फ्यूज यांपैकी काहीतरी गेले आहे. हे काम मिस्त्रीचे आहे. परंतु मालकाने एक गोष्ट समजून घ्यावी.

उष्णतेचा फ्यूज एकदाच उडतो आणि तो बदलावा लागतो. तो उगाच उडत नाही. आत हवा कोंडून तापमान हद्दीबाहेर गेले म्हणून उडतो. म्हणून फ्यूज बदलताना जाळी, नळी आणि हवेची वाट साफ झालीच पाहिजे. नाही तर नवा फ्यूजही थोड्याच दिवसांत उडेल. काही मिस्त्री फ्यूज न बदलता त्या जागी साधी तार जोडून देतात. यंत्र चालू होते, मालक खूश होतो आणि बिलही कमी येते. परंतु घराला आग लागण्यापासून वाचवणारा पहारेकरी त्याने काढून टाकलेला असतो. असे काम मिस्त्री बंधूंनी करू नये आणि मालकांनी करून घेऊ नये. दुरुस्तीनंतर जुना फ्यूज हातात मागून घ्यावा आणि नवा कोठे बसवला ते पाहावे.

तक्रार चौथी: सुरूच होत नाही, किंवा मध्येच बंद पडते

दार नीट लागले नाही तर कोणताही ड्रायर सुरू होत नाही. दाराच्या खटक्यात लव किंवा कपड्याचे टोक अडकले आहे काय ते पाहावे. कंडेन्सर यंत्राची टाकी भरली असेल तरी ते थांबते.

मोटरचा आवाज येतो पण ड्रम फिरत नाही, असे असेल तर प्लग काढून ड्रम हाताने फिरवा. अगदी सैल, विनाअडथळा फिरला तर बहुधा पट्टा तुटला आहे. जड लागला किंवा अडकला तर आत काहीतरी गुंतले आहे. पट्टा ही स्वस्त वस्तू आहे. त्यासाठी कोणी मोटर बदलण्याचा सल्ला दिला तर दुसऱ्या कारागिराला विचारावे.

यंत्र अर्धा तास चालून थांबते आणि थंड झाल्यावर पुन्हा सुरू होते, याचा अर्थ मोटर तापत आहे. तिच्यावर लव साचली असेल, खेप जड असेल किंवा विजेचा दाब कमी असेल.

तक्रार पाचवी: आवाज आणि डाग

सुरुवातीची चार-पाच मिनिटे धपधप आवाज येऊन मग शांत होत असेल तर यंत्र बरेच दिवस बंद होते आणि रबरी चाके एका बाजूने चपटी झाली, एवढेच. सतत चीं-चीं आवाज आला तर चाके किंवा पट्टा ताणणारी पुली घासत आहे. खरखर आवाज आला तर नाणे, हूक किंवा तार ड्रमच्या फटीत आहे. तो लगेच काढावा.

कपड्यांवर काळपट-तपकिरी रेघा उमटत असतील तर ड्रमच्या कडेची नमद्याची पट्टी झिजली आहे आणि कपडा त्या फटीत चिमटतो. लाँड्रीवाल्यांनी अशा यंत्रात गिऱ्हाइकाचा पांढरा कपडा टाकू नये. गिऱ्हाइकाचा कपडा आपल्याकडे अमानत असतो.

सेमी-ऑटोमॅटिकचा घुमणारा डबा

हे यंत्र सर्वांत जास्त घरांत आहे आणि त्याचे आजार ठरलेले आहेत.

डबा फिरतच नाही: झाकणाखालचा खटका दबत नसेल, तार उंदराने कुरतडली असेल किंवा टायमर गेला असेल. नुसता घूंऽऽ आवाज येतो: कपॅसिटर कमजोर झाला आहे, ब्रेकची तार ढिली होऊन ब्रेक लागलेलाच राहिला आहे किंवा मोजा-रुमाल डब्याच्या बाहेरच्या बाजूस पडून अडकला आहे. आधी रुमाल शोधावा, मग कपॅसिटर बदलावा. यंत्र बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज राहू शकते, म्हणून त्याला घरच्या माणसाने हात लावू नये.

यंत्र थरथरते आणि जागा सोडते: कपडे एका बाजूला आले आहेत, वरची प्लास्टिकची जाळीदार चकती ठेवलेली नाही किंवा फरशी समतल नाही. हे सर्व ठीक असूनही थरथरले तर खालच्या स्प्रिंगा पाहाव्यात. पाणी डब्यातच राहते: बाहेर जाणारी नळी उंच ठेवली आहे किंवा वळली आहे. खाली मोटरपाशी पाणी गळते: दांड्यावरचे रबर फाटले आहे. हे रबर लवकर बदलावे, कारण पाणी मोटरमध्ये गेले की खर्च कितीतरी पट होतो.

झाकण उघडल्यावर डबा लगेच थांबला पाहिजे. थांबत नसेल तर ते यंत्र दुरुस्त होईपर्यंत वापरू नये. घरात लहान मुले असतात. वेगाने फिरणाऱ्या डब्यात हात गेला तर बोटे जातात.

विजेचा दाब आणि बाहेरदेशी आणलेली यंत्रे

२,००० वॅटचा हीटर २३० व्होल्टवर पूर्ण उष्णता देतो. दाब १८० व्होल्टवर आला तर तोच हीटर सुमारे १,२२५ वॅटच देतो, म्हणजे पूर्ण ताकदीच्या ६१ टक्के. आपल्या गावांत संध्याकाळी दाब पडतो. संध्याकाळी कपडे ओले राहतात आणि सकाळी सुकतात, असे असेल तर मिस्त्रीला बोलावू नका, वेळ बदला. हे यंत्र १६ अँपिअरच्या पॉवर पॉइंटवरच, चांगल्या अर्थिंगसह लावावे. साध्या ६ अँपिअरच्या प्लगवर किंवा लांब जोडवायरवर लावले तर प्लग वितळतो.

रत्नागिरी, रायगडकडील अनेक कुटुंबांतील मंडळी आखातात नोकरीला असतात आणि घर हलवताना यंत्रे बरोबर आणतात. संयुक्त अरब अमिराती, कुवेत, ओमान, कतार येथील वीज आपल्यासारखीच ५० हर्ट्झची आहे. सौदी अरेबियाची वीज मात्र ६० हर्ट्झची आहे. अमेरिकेचीही ६० हर्ट्झची, आणि तेथील ड्रायरची जोडणीच वेगळी. निव्वळ ६० हर्ट्झसाठी बनवलेली मोटर आपल्याकडे हळू फिरते, पंखा कमी हवा देतो आणि मोटर जास्त तापते. स्टॅबिलायझर लावून दाब सुधारतो, हर्ट्झ सुधारत नाही. म्हणून यंत्राच्या मागील पट्टीवर "५०" किंवा "५०/६०" लिहिले आहे काय ते आणण्याआधीच पाहावे. नुसते "६०" असेल तर जहाजाचे भाडे वाया घालवू नये.

कापडाची जात

आता आमच्या धंद्याची गोष्ट. प्रत्येक धाग्याची पाणी धरण्याची प्रकृती वेगळी असते. १०० ग्रॅम पूर्ण कोरडा कापूस साध्या हवेतून सुमारे साडेआठ ग्रॅम ओल धरून ठेवतो. रेशीम ११, व्हिस्कोस सुमारे १३, लोकर १६ च्या आसपास. नायलॉन ४, आणि पॉलिएस्टर अर्धा ग्रॅमसुद्धा नाही. यावरून दोन गोष्टी कळतात. सुती कपड्याला वेळ लागणारच. आणि सुती कपडा "अगदी कडक कोरडा" करणे चूक आहे, कारण थोडी ओल ही त्याची नैसर्गिक स्थिती आहे. ती काढली तर कापड आटते, कडक होते आणि इस्त्रीला त्रास देते. पॉलिएस्टर गरजेपेक्षा जास्त सुकवले की अंगाला चिकटते आणि चटचट ठिणग्या देते. तो यंत्राचा दोष नाही.

सुती कपडे थोडे दमट असतानाच काढून दोरीवर किंवा खुंटीवर टाकावेत. ४० इंच लांबीचा कुर्ता पाच टक्के आटला तर २ इंच जातात. आमच्या गिऱ्हाइकाचे तेवढेच गेले होते. शिंपी बंधूंनी सुती कापड कापण्याआधी भिजवून घेण्याची जुनी रीत सोडू नये. होजिअरीचे विणलेले कपडे त्याहून जास्त आटतात. लोकर गरम ड्रममध्ये घट्ट नमदा होते आणि पुन्हा सुटत नाही. लायक्रा असलेले कापड उष्णतेने ताण गमावते. जरीचे, टिकल्यांचे, कॉलरला फ्यूजिंग कॅनव्हास लावलेले कपडे जास्त उष्णतेत खराब होतात. कॉलरवर फोड येतात आणि जरी काळवंडते किंवा आक्रसते. असे कपडे ड्रायरबाहेरच ठेवावेत.

आगीचा धोका

लव म्हणजे सुटा कापूसच. ठिणगी मिळाली की पेटायला वेळ लागत नाही. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००८ ते २०१० या काळाचा हिशेब मांडला, तेव्हा घरांतील ड्रायरमुळे दरवर्षी सुमारे २,९०० आगी लागत होत्या. त्यांत सुमारे ५ माणसे दगावत होती आणि १०० जखमी होत होती. सर्वांत मोठे कारण, ३४ टक्के, यंत्र साफ न करणे हे होते. ब्रिटनमध्ये २००४ ते २०१५ या काळात विकल्या गेलेल्या लाखो ड्रायरमध्ये लव हीटरला लागण्याचा दोष निघाला आणि २०१९ साली ती यंत्रे परत मागवावी लागली.

लाँड्री, हॉटेल आणि गॅरेज चालवणाऱ्यांनी आणखी एक खबरदारी घ्यावी. खाद्यतेल, मसाजचे तेल, ग्रीस, पेट्रोल, थिनर यांचे डाग असलेले कपडे धुऊनही तेल पूर्ण जात नाही. असे कपडे गरम करून ढीग लावला तर खाद्यतेलाच्या डागाचा कपडा यंत्राबाहेरही आपोआप तापत जाऊन पेटू शकतो. असे कपडे उन्हातच सुकवावेत. फोम आणि रबर लावलेल्या वस्तूही यंत्रात टाकू नयेत. गरम कपड्यांचा ढीग न लावता ते पसरून ठेवावेत, आणि शेवटची थंड हवेची दहा मिनिटे वाचवू नयेत. यंत्र चालू ठेवून झोपू नये आणि दुकानाला कुलूप लावून जाऊ नये.

बिल, हमी आणि हक्क

मिस्त्रीकडून तीन गोष्टी लिहून घ्याव्यात. कोणता भाग गेला, तो का गेला आणि बदललेल्या भागाची हमी किती. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्याच्याकडे नाही त्याने रोग शोधलेला नाही. मिस्त्री बंधूंनाही आमचे सांगणे आहे. आधी जाळी आणि नळी साफ करून यंत्र चालवून दाखवा आणि त्याची मजुरी उघडपणे घ्या. हीटर न लावता मिळालेली तेवढी मजुरी पुढे दहा गिऱ्हाइके आणते.

घरगुती यंत्र दुकानात लावले तर कंपनीची हमी पुष्कळदा लागू होत नाही. हमीपत्र वाचूनच घ्यावे. मात्र ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे, स्वतः काम करून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू "व्यापारी हेतू"त धरली जात नाही. म्हणजे एकट्याने लाँड्री किंवा शिलाईचे काम करणारा कारागीरही ग्राहक म्हणून दाद मागू शकतो. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. त्यासाठी पक्के बिल पाहिजे. थोड्या पैशांसाठी बिनबिलाची खरेदी करणारा हा हक्क स्वतःच्या हाताने सोडून देतो.

आमच्या त्या गिऱ्हाइकाचे पुढे काय झाले, हेही सांगितले पाहिजे. आटलेले कुर्ते परत मोठे होणार नव्हते. आम्ही त्यांना दोन कुर्त्यांचे कापड खरेदी भावात दिले आणि त्यांनी ज्या चार माणसांसमोर माल खोटा म्हटले होते त्यांच्यासमोरच आपले शब्द परत घेतले. आडत्याला लिहायला घेतलेले पत्र आम्ही फाडून टाकले. ते गेले असते तर बिनकसूर माणसावर आरोप झाला असता आणि वीस वर्षांचा व्यवहार तुटला असता. तेव्हा कपडे सुकले नाहीत तर हीटरला, मिलला किंवा शिंप्याला दोष देण्याआधी वाचकांनी यंत्र एकदा भिंतीपासून पुढे ओढून मागची नळी पाहावी.